परफॉर्मन्स इंजिनला डँपर केवढा बसवावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला सांवेर रोडवर आमचं क्रँक आणि बोअरिंगचं काम आहे. इंजिन खोलून टेबलावर आलं की पिस्टन कोणते, कॅम कोणता, टर्बो केवढा यावर मालक तासभर बोलतात. पुढच्या पुलीची आठवण होते ती इंजिन पुन्हा जोडून बंद करायच्या दिवशी, आणि मग रात्री व्हॉट्सॲपवर प्रश्न सुरू होतात. देवास, महू, उज्जैन, भोपाळहून पुन्हा पुन्हा येणारे तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखाद्या गोष्टीचं उत्तर आधी किंवा पुढे आलं असेल तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हार्मोनिक डँपर म्हणजे नेमकं काय? आमचे मिस्त्री त्याला नुसतं क्रँक पुली म्हणतात.

मिस्त्रींचं म्हणणं चूक नाही. बऱ्याच गाड्यांत पुली आणि डँपर एकाच तुकड्यात असतात. पट्टा फिरवते ती पुली, आणि क्रँकची (पिस्टनच्या धक्क्यांनी फिरणाऱ्या इंजिनच्या मुख्य दांड्याची) थरथर गिळतो तो डँपर. पुली काढून हातात धरा आणि समोरून बघा. मधला हब आणि बाहेरचं जड कडं यांच्यामध्ये रबराची काळी रेघ गोल फिरलेली दिसली, तर तो डँपर आहे. रेघ नसेल तर ती बहुतेक एकसंध पुली. सिलिकॉनचे डँपर मात्र बंद डब्यासारखे असतात. त्यांची गोष्ट प्रश्न ७ मध्ये आहे.

प्रत्येक स्फोटाला क्रँक किंचित पिळली जाते आणि लगेच सुटते. ओला पंचा पिळून सोडावा तशी, फक्त ही पीळ डोळ्याला दिसत नाही. मागच्या टोकाला जड फ्लायव्हील असल्याने ते टोक फारसं हलत नाही, सगळी थरथर पुढच्या नाकावर येते. डँपर पुढे बसवतात तो म्हणूनच. नाक पुढे-मागे थरथरतं, बाहेरचं कडं स्वतःच्या वजनामुळे एका गतीने फिरत राहू पाहतं, आणि मधलं रबर दोघांच्या ओढाताणीत घुसळलं जाऊन तापतं. थरथरीची ताकद अशी उष्णता होऊन बाहेर जाते. लांब सहा सिलिंडर इंजिनांच्या क्रँका याच पिळाने त्रास देऊ लागल्या, तेव्हा १९१० च्या सुमारास इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी असा डँपर बनवला होता. मूळ कल्पना आजही तीच आहे.

२. क्रँक, फ्लायव्हील, क्लच सगळं मशीनवर बॅलन्स करून घेतलं आहे. मग डँपर कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. चूक नावाची आहे. बाजारात याला 'हार्मोनिक बॅलन्सर' म्हणतात, त्यामुळे हे बॅलन्सिंगचं काहीतरी असावं असं वाटतं.

बॅलन्सिंग मशीनवर क्रँक फिरताना एका बाजूला ओढते का, एवढंच कळतं. पीळ तिथे दिसत नाही, कारण मशीनवर स्फोट होत नाहीत. ग्रॅमपर्यंत बॅलन्स केलेली क्रँकसुद्धा स्फोटांच्या धक्क्याने पिळली जाणारच. बॅलन्सचा दोष गाडीच्या बॉडीत जाणवतो, स्टिअरिंगवर कळतो. पिळाच्या दोषात ड्रायव्हरला काहीच जाणवत नाही आणि क्रँकचं नाक थकत जातं. न जाणवणारी थरथर म्हणूनच जास्त महाग पडते.

३. बॅलन्सर शाफ्ट म्हणजेच डँपर का?

नाही. बॅलन्सर शाफ्ट पिस्टनच्या वर-खाली धक्क्यांना उलटं वजन फिरवून उत्तर देतो आणि इंजिनची हादर कमी करतो. क्रँकच्या पिळाशी त्याचा संबंध नाही. तुमच्या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट आहे म्हणून डँपर लहान घ्यावा किंवा काढून टाकावा, असं होत नाही.

४. भिया, लांबड लावू नका. साइज कशावरून ठरवायची तेवढं सांगा.

इंचावरून ठरत नाही. तुमची क्रँक कोणत्या वारंवारतेला पिळाने गाते, आणि तुम्ही इंजिन कोणत्या आरपीएमवर ठेवता, या दोन गोष्टींवरून ठरतं. इंच त्यानंतर येतात. घाईघाईत डँपर घेणाऱ्याची गाडी इथेच चुकते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

घंटेला जसा स्वतःचा एक सूर असतो तसा प्रत्येक क्रँकला असतो. क्रँक जितकी जाड आणि आखूड, तितका सूर वरचा. जितकी लांब, बारीक आणि तिच्यावर लटकलेलं वजन जास्त, तितका खालचा. चार सिलिंडर फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन स्फोट होतात, म्हणून मुख्य धक्के फेऱ्याला २, ४, ६ अशा पटीत येतात. या पटींना ऑर्डर म्हणतात. सरळ सहा सिलिंडरला ३, ६, ९, आणि व्ही-८ ला ४, ८ या मुख्य.

आता हिशोब. समजा तुमच्या क्रँकचा सूर ४२० हर्ट्झ आहे. हा आकडा फक्त उदाहरणासाठी घेतला आहे. त्याला ६० ने गुणलं तर मिनिटाला २५,२०० हेलकावे. सहाव्या ऑर्डरचे धक्के त्याच्याशी जुळतात ४,२०० आरपीएमला, चौथ्या ऑर्डरचे ६,३०० ला, आणि दुसऱ्या ऑर्डरचे १२,६०० ला, जिथे आपण जाणारच नाही. कंपनीने रेडलाइन, म्हणजे आरपीएमची कमाल मर्यादा, ६,००० ला ठेवली असेल तर मूळ इंजिन ६,३०० चा तो वाईट टप्पा कधी बघतच नव्हतं. तुम्ही कॅम आणि ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) बदलून ७,२०० केलं की प्रत्येक गिअरमध्ये त्या टप्प्यातून जाणार. शिवाय चौथी ऑर्डर सहावीपेक्षा साधारणपणे जोरकस असते. पॉवर किती वाढली याच्या आधी मी रेडलाइन किती वाढली हे विचारतो, ते याच कारणाने.

दुसरी गोष्ट, सूर स्वतःच बदलतो. जड रॉड आणि जड पिस्टन टाकले तर खाली येतो, हलके टाकले तर वर जातो. स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) वाढवला की क्रँकपिन, म्हणजे रॉड बसते ती पिन, बाहेर सरकते, मेन जर्नल (मेन बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) आणि क्रँकपिन यांचा एकमेकांवर येणारा भाग कमी होतो, क्रँक लवचीक होते आणि सूर खाली येतो. वरच्या उदाहरणात तो दहा टक्के खाली आला तर चौथी ऑर्डर ६,३०० वरून ५,६७० ला येते. कंपनीचा रबर डँपर जुन्या सुराला जुळवलेला असतो. नव्या क्रँकला तो अगदीच निरुपयोगी होत नाही, पण त्याचा नेम चुकतो.

म्हणून डँपर विकणाऱ्याला फोन करताना स्ट्रोक, रॉडची लांबी आणि वजन, पिस्टनचं वजन, फ्लायव्हीलचं वजन, रेडलाइन, आणि गाडी कुठे व कशी चालवणार हे सगळं लिहून समोर ठेवा. चांगला उत्पादक हे स्वतःहून विचारतो. जो फक्त गाडीचं मॉडेल विचारून साइज सांगतो, त्याच्याकडून घेण्याआधी मी दोनदा विचार करेन.

५. मोठा डँपर म्हणजे जास्त सुरक्षित ना? मग जागेत बसेल तेवढा मोठाच का नको?

थोडं मोठं केलं तरी फरक फार पडतो, हे आधी लक्षात घ्या. कड्याची रुंदी तीच ठेवून सगळे व्यास त्याच प्रमाणात वाढवले तर त्याचं जडत्व व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतं. जुन्या स्मॉल-ब्लॉक शेव्हरोलेला पावणेसात इंच आणि आठ इंच अशा दोन्ही मापांचे डँपर लागतात. या दोन मापांत वजन साधारण ४० टक्क्यांनी वाढतं, पण जडत्व जवळजवळ दुप्पट होतं.

हे जडत्व फुकट मिळत नाही. डँपर पहिल्या मेन बेअरिंगच्या पुढे, हवेत लटकलेला असतो. तिथे वजन वाढलं की नाकावर वाकवणारा भार वाढतो, आणि उंच आरपीएमच्या इंजिनात नाक त्यानेही तुटू शकतं. दुसरं, कड्याच्या कडेचा वेग. आठ इंची कड्याची बाहेरची धार ७,००० आरपीएमला सेकंदाला ७४ मीटरच्या वर पळते, म्हणजे ताशी २६० किलोमीटरहून जास्त. तिथे जुनं ओतीव लोखंडी कडं नको, स्टीलचंच हवं. अमेरिकेत ड्रॅग रेससाठी एसएफआय १८.१ हे सुरक्षेचं मानक आहे, आणि एनएचआरए या तिथल्या ड्रॅग रेसच्या संघटनेत पाव मैल १०.९९ सेकंदात किंवा त्याहून लवकर संपवणाऱ्या गाडीला त्या मानकाचा डँपर लागतो. आपल्याकडे कुठल्या स्पर्धेत उतरणार असाल तर त्या स्पर्धेची नियमपुस्तिका आधी वाचा.

जागेचा मुद्दा साधा आहे, पण दरवेळी कोणीतरी विसरतं. रेडिएटरचा पंखा, क्रॉस मेंबर (चासीचा आडवा दांडा), टायमिंग कव्हर, क्रँक सेन्सर आणि पट्ट्याची ओळ हे सगळं पुठ्ठ्याची चकती कापून आधी तपासा. पुठ्ठा फुकट आहे. परत पाठवलेल्या इम्पोर्टेड डँपरचं भाडं फुकट नाही.

६. मग माझ्या इंजिनला सुरुवात कुठून करू?

मूळ स्ट्रोक, मूळ रेडलाइन, थोडी पॉवर वाढवलेलं चार सिलिंडर पेट्रोल: कंपनीचा नवा, अस्सल डँपर, मूळ मापाचा. इथे पैसे घालवू नका.

मूळ स्ट्रोक पण रेडलाइन हजारभराने वर: माप मूळच्या आसपास ठेवा, पण जात बदला. स्टीलचं कडं, आणि नव्या आरपीएमसाठी जुळवलेलं रबर किंवा सिलिकॉन. उंच फिरणाऱ्या हलक्या क्रँकला मोठ्या डँपरपेक्षा योग्य डँपर लागतो.

स्ट्रोक वाढवलेला, किंवा टर्बोने टॉर्क बराच वाढलेला: इथे जडत्व खरोखर वाढवायला हवं. एक माप वर जा, मग प्रश्न ५ मधल्या मर्यादा बघा.

सरळ सहा सिलिंडर: सगळ्यात जास्त काळजी इथे. क्रँक लांब, सूर खाली, त्यामुळे वाईट टप्पे रोजच्या वापराच्या आरपीएममध्येच येतात. सूर ३०० हर्ट्झ धरला तर सहावी ऑर्डर ३,००० ला आणि तिसरी ६,००० ला. मूळ डँपर जुना असेल तर तो कितीही चांगला दिसला तरी बदला.

पट्ट्यावरचा सुपरचार्जर असेल तर नाकावर पट्ट्याची ओढही येते. हबला दोन चाव्यांची (हब क्रँकवर घसरू न देणाऱ्या पोलादी पट्ट्यांची) सोय असलेला डँपर घ्या आणि क्रँकला दुसरा चावीघाट, म्हणजे चावी बसायची खाच, पाडून घ्या.

७. रबर चांगलं की सिलिकॉन?

रबराचा डँपर एका सुराला जुळवलेला असतो. सिलिकॉनच्या डँपरमध्ये बंद डब्यात जड कडं, आणि त्याच्याभोवती मधापेक्षाही घट्ट सिलिकॉन द्रव. तो कुठल्याच एका सुराला बांधलेला नसतो, सगळीकडे थोडं थोडं काम करतो.

कागदावरचं गणित असं: कड्याचं जडत्व क्रँकच्या परिणामी जडत्वाच्या पाचव्या भागाएवढं असेल, तर अचूक जुळवलेला डँपर पीळ स्थिर पिळाच्या (तोच जोर सावकाश लावला तर होईल त्या पिळाच्या) साधारण ३.३ पटीवर अडवतो, आणि न जुळवलेला निव्वळ घर्षणाचा डँपर उत्तमात उत्तम ११ पटीवर. म्हणजे जुळवलेलं रबर सरस? हो, जोवर जुळलेलं आहे तोवर. तुम्ही रॉड-पिस्टन बदलले, रबर तापलं किंवा म्हातारं झालं की तो ३.३ चा आकडा हातातून जातो. सिलिकॉनवाले कड्याचं जडत्व वाढवून उणीव भरून काढतात, आणि इंजिनमध्ये पुढे बदल केले तरी तो बिघडत नाही.

माझं मत: इंजिन एकदा ठरलं की बदलणार नाही आणि उत्पादकाने तुमचे आकडे विचारून रबर निवडून दिलं, तर रबर घ्या. एटीआयसारख्या उत्पादकांच्या डँपरमध्ये वेगवेगळ्या कडकपणाच्या रबरी रिंगा बदलता येतात आणि तो खोलून पुन्हा बांधता येतो, ही मोठी सोय आहे. दरवर्षी काहीतरी नवं टाकायची सवय असेल तर फ्लुइडँपरसारखा सिलिकॉनचा.

सिलिकॉनच्या डँपरला एक पथ्य कडक आहे. तो जमिनीवर पडला किंवा डब्याला पोचा आला तर वापरू नका. आतल्या कड्याला फिरायला फार थोडी फट असते. पोच्याने कडं अडकलं की डँपरचा दगड होतो, आणि बाहेरून काही दिसत नाही. त्याला भोक पाडून बॅलन्स करणंही चालत नाही.

८. गाडी नॅट्रॅक्सवर न्यायची आहे. ड्रॅगवाल्या मित्राने सांगितलेला डँपर चालेल का?

तसाच उचलून आणू नका. पिथमपूरचा नॅट्रॅक्सचा हाय-स्पीड ट्रॅक ११.३ किलोमीटरचा आहे. ताशी २०० ने एक फेरी म्हणजे जवळपास साडेतीन मिनिटं, आणि तेवढा वेळ इंजिन जवळजवळ एकाच आरपीएमवर. ४०० मीटरच्या धावेत इंजिन वाईट टप्प्यातून काही क्षणांत निघून जातं, इथे ते त्याच टप्प्यावर बसून राहू शकतं. प्रश्न १ मध्ये म्हटलं तसं डँपर ताकदीची उष्णता करतो. साडेतीन मिनिटं उष्णता साठत गेली, वर मे महिन्यातली माळव्याची ४२ अंशांची हवा, पुढून रेडिएटरचा गरम वारा, आणि रबर मऊ पडतं. मऊ पडलं की त्याचा सूर खाली येतो आणि नेम चुकतो.

लांब फुल थ्रॉटलसाठी मी सिलिकॉनचा किंवा रेसिंगच्या रबराचा, वारा लागेल असा डँपर सुचवतो. आणि प्रश्न ४ चा हिशोब करून पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये तुमचा वेग नेमका वाईट टप्प्यावर येत असेल तर फायनल ड्राइव्ह किंवा टायरचं माप बदलून त्यातून बाहेर पडा. ही डँपरची बाब वाटत नाही, पण आहे.

मानपूरचा घाट किंवा जाम गेटचा चढ यांची गोष्ट वेगळी. तिथे आरपीएम सारखा वरखाली होतो आणि डँपरला श्वास घ्यायला वेळ मिळतो.

९. हलकी ॲल्युमिनियम पुली लावली की पिकअप वाढतो म्हणतात. लावू का?

मूळ पुलीत रबराची रेघ असेल तर लावू नका. तुम्ही वजन कमी करत नाही, डँपर काढून टाकत आहात.

एका दीड लिटरच्या चार सिलिंडर इंजिनला मालकाच्या आग्रहावरून मी स्वतः अशी पुली बसवली होती. रेडलाइनही वाढवलेली होती. गाडी सुरुवातीला खरंच चपळ वाटली, मालक खूश होता. काही महिन्यांनी तो पुलीचा आवाज येतो म्हणून आला. बोल्ट उघडायला पाना लावला तर हाताने फिरला, टॉर्क उरलाच नव्हता. पुली ओढून काढली आणि चावीघाटातून तपकिरी-लाल भुकटी जमिनीवर पडली, कुंकवात विटकरीची पूड मिसळावी तशी. चावीच्या दोन्ही कडा चुरगळलेल्या, नाकावर बोटाने जाणवतील अशा ओरखड्यांच्या रेघा. ती भुकटी म्हणजे पोलादी चावी आणि पोलादी नाक एकमेकांवर अगदी सूक्ष्म घासून झालेला गंज. क्रँक वाचली नाही. ते नाक मी कापून टेबलावर ठेवलं आहे, आणि अशी पुली मागणाऱ्याला आधी ते हातात देतो.

ज्या इंजिनात ऑइल पंपाचं गिअर थेट क्रँकच्या नाकावर बसतं तिथे धोका आणखी मोठा. ते गिअर दाबलेल्या धातूच्या भुकटीचं असेल तर पिळाच्या थरथरीने तडकू शकतं, आणि ऑइलचा दाब गेला की बाकी काही उरत नाही.

१०. डँपर क्रॉस मेंबरला लागतो. लेथवर पाच मिलिमीटर कमी करून घेतला तर?

हे काम खराद्याला पाच मिनिटांचं आहे, आणि म्हणूनच लोक करतात. हिशोब बघा. कड्याचा बाहेरचा व्यास १६० मिमी, आतला १२० मिमी, पोलादाचं. बाहेरून सगळीकडे ५ मिमी घासलं की व्यास १५० मिमी. वजन साधारण २८ टक्के कमी झालं, पण जडत्व एक तृतीयांश गेलं, आणि रबर तेच असल्याने डँपरचा स्वतःचा सूर साधारण २२ टक्के वर गेला. नेम पूर्ण सुटला. वरून टायमिंगच्या खुणा आणि बॅलन्सही गेले.

जागा नसेल तर कमी व्यासाचा पण जास्त जाड, त्याच इंजिनसाठी बनवलेला डँपर शोधा. किंवा क्रॉस मेंबरमध्ये बदल करा.

११. जुनी अमेरिकन व्ही-८ गाडी उभी करतोय. 'इंटर्नल' आणि 'एक्स्टर्नल' बॅलन्स म्हणजे काय?

इथे चूक झाली तर इंजिन पहिल्याच दिवशी सांगतं. काही इंजिनांत क्रँकच्या आतली वजनं पुरेशी असतात, ती इंटर्नल. काहींत थोडं वजन मुद्दाम डँपरमध्ये आणि फ्लायव्हीलमध्ये एका बाजूला ठेवलेलं असतं, ती एक्स्टर्नल. शेव्हरोलेचं जुनं ३५० (हे आकडे इंजिनच्या क्षमतेचे, क्युबिक इंचात) हे इंटर्नल, ४०० हे पुढे-मागे दोन्हीकडे एक्स्टर्नल. १९८६ पासूनच्या एक-तुकडा रिअर सीलच्या ३५० ला मागे फ्लायव्हीलमध्ये वजन लागतं, पुढचा डँपर मात्र साधा. बिग-ब्लॉकमध्ये ३९६ आणि ४२७ इंटर्नल, ४५४ एक्स्टर्नल. फोर्डच्या ३०२ ला सुरुवातीला २८ आउन्स-इंच आणि पुढे १९८० च्या दशकात ५० आउन्स-इंच वजन होतं, आणि दोन्ही एकमेकांच्या जागी सहज बसतात. नेमका धोका तोच.

इतक्या वर्षांत त्या गाडीत कोणी काय बसवलं हे कोणालाच माहीत नसतं. कास्टिंग नंबर वाचा, डँपरमागे अर्धचंद्राकार वजन आहे का बघा, आणि शंका असेल तर क्रँक, डँपर, फ्लायव्हील तिन्ही एकत्र बॅलन्सिंगला द्या. परफॉर्मन्स रीबिल्डमध्ये शक्य असेल तर क्रँकमध्ये जड धातू भरून ती इंटर्नल करून घेणं मला जास्त पटतं. मग डँपर निवडताना फक्त पिळाचा विचार करावा लागतो.

१२. जुना डँपर अजून चांगला आहे हे कसं ओळखायचं?

पांढरा रंग आणि बारीक ब्रश घ्या. हबपासून रबरावरून बाहेरच्या कड्यापर्यंत एक सरळ रेघ ओढा. पूर्ण वाळू द्या. पंधरा दिवस नेहमीसारखी, मग एक दिवस जोरात गाडी चालवा आणि पुन्हा बघा. हबवरची रेघ आणि कड्यावरची रेघ एकमेकींपासून सरकल्या असतील तर रबर सुटलं आहे. केसाएवढी सरकली तरी सुटलंच.

याशिवाय रबर बाहेर फुगलेलं, भेगाळलेलं, टायमिंग कव्हरच्या गळतीने ऑइल पिऊन चिकट झालेलं, किंवा चालू इंजिनात कडं डुलताना दिसणं, यातलं काहीही असेल तर बदला. सिलिकॉनच्या डँपरला शिवणीतून पाझर आणि पोचे बघा.

१३. बसवताना कोणती चूक सगळ्यात जास्त होते?

हातोडा. ठोकलेला प्रत्येक घाव क्रँकमधून थ्रस्ट बेअरिंगवर जातो, आणि रबरावर तर जातोच. दुसरी चूक म्हणजे पुलीचाच बोल्ट पिळून डँपर ओढून घेणं. सुरुवातीला आटे दोन-तीनच धरलेले असतात, ते नाकातून उपटून येतात. इन्स्टॉलर टूल वापरा, ते पूर्ण खोलीपर्यंत आटे धरतं.

पण त्याआधी मापा. अमेरिकन व्ही-८ सारख्या घट्ट बसणाऱ्या डँपरला नाक आणि हब यांच्यात साधारण एक थाऊचा, म्हणजे ०.०२५ मिमीचा दाब हवा, म्हणजे हबचं भोक नाकापेक्षा तेवढं लहान हवं. नाक मायक्रोमीटरने आणि हब बोअर गेजने, दोन्ही एकाच तापमानाला. फार सैल असेल तर डँपर नाकावर घासत राहतो आणि प्रश्न ९ मधली भुकटी तयार होते. फार घट्ट असेल तर हब फाटू शकतो. हब मोकळा असेल तर तो गरम करून बसवा, रबर लागलेलं असेल तर गरम पाण्यापलीकडे जाऊ नका.

अपवाद: बऱ्याच जपानी इंजिनांत हब हाताने सरकतो आणि सगळी पकड एका मोठ्या बोल्टच्या टॉर्कवर असते. तिथे दाब शोधू नका. बोल्ट नवा, पृष्ठभाग कोरडे व स्वच्छ, आणि टॉर्क मॅन्युअलमधला. अंदाजाने इम्पॅक्ट गन मारून घट्ट केलेली पुली मला सगळ्यात जास्त भीती घालते.

१४. नवा डँपर लावल्यावर टायमिंग जुळत नाही. डँपर खराब आला का?

बहुतेक वेळा खूण वेगळ्या कोनावर असते, किंवा जुन्याचं कडं सरकल्याने तुम्ही आजवर चुकीच्या खुणेवर टायमिंग ठेवत होता. प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप लावा. बॅटरी काढा, क्रँक हाताने एकीकडे अडेपर्यंत फिरवा, खूण करा. मग उलट दिशेने अडेपर्यंत फिरवा, दुसरी खूण करा. दोन्हींच्या बरोबर मध्ये खरा टीडीसी, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा. डँपर बदलल्यावर हे दरवेळी करतो, चार गाड्या रांगेत असल्या तरी.

१५. डिझेल थारचं रीमॅप केलं आहे. आरपीएम वाढवलाच नाही, तरी डँपर बघायचा का?

हो. डिझेलचा प्रत्येक धक्का मुळातच जोरकस, आणि रीमॅपने, म्हणजे ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बदलल्याने, टॉर्क खालच्या आरपीएमला वाढतो. वाईट टप्पे तिथेच राहतात, पण त्या टप्प्यांवरचा पीळ वाढतो. मोठ्या सहा सिलिंडर डिझेलला सिलिकॉनचे डँपर देतात ते उगाच नाही.

एक गल्लत इथे नेहमी होते. अनेक नव्या डिझेलच्या पुलीत दोन रबरं असतात. एक क्रँकची थरथर गिळतं, दुसरं पट्ट्याला धक्के लागू नयेत म्हणून असतं. पट्टा किरकिरतो, अल्टरनेटर बदलून झाला, टेन्शनर बदलून झाला, तरी किरकिर तशीच असेल तर हे दुसरं रबर तपासा.

१६. फ्लायव्हील हलकं केलं, किंवा ड्युअल-मासचं (मध्ये स्प्रिंग असलेलं दोन तुकड्यांचं) सिंगल-मास केलं. डँपर बदलावा लागेल?

फ्लायव्हील क्रँकच्या जवळजवळ न हलणाऱ्या टोकाला असल्याने त्याचं वजन कमी केलं तर सूर थोडाच वर जातो. हलकं फ्लायव्हील एकट्याने सहसा डँपर बदलायला लावत नाही. ड्युअल-मास काढल्याचा जास्त त्रास गिअरबॉक्सच्या खडखडाटात दिसतो. पण हे सगळे बदल एकाच वेळी करत असाल, तर प्रश्न ४ च्या यादीत नव्या फ्लायव्हीलचं वजन लिहायला विसरू नका.

१७. माझ्या इंजिनला कंपनीनेच डँपर दिलेला नाही, एकसंध पुली आहे. आता लावू का?

लहान, जाड आणि आखूड क्रँकच्या इंजिनांत सूर इतका वर असतो की कंपनीच्या रेडलाइनपर्यंत जोरकस ऑर्डर तिथे पोहोचतच नाही. तेवढ्याच आरपीएमवर ठेवणार असाल तर नको. रेडलाइन बरीच वर नेत असाल तर तुमच्या नाकाच्या मापाचा बनवलेला डँपर मिळतो का ते बघा. न मिळाल्यास दुसऱ्या इंजिनचा ओढूनताणून बसवू नका, हजारभर आरपीएम खाली थांबा.

१८. आणि बुलेटला?

एक सिलिंडर, आखूड जाड क्रँक, दोन्ही बाजूंना जड चकत्या. डँपर नको. हादरते ती प्रश्न ३ मधल्या कारणाने.